झामर म्हणजे मोतीबिंदू नव्हे

प्रश्न : ताई, आम्ही सुरतला असतो. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, वय ६८. इथल्या कॅम्पमध्ये डोळे तपासले तर गुजरातीत चिठ्ठी दिली, 'जमणी आंखे मोतियो, डाबी आंखे झामरनी शंका, दबाण २८'. मोतियो म्हणजे मोतीबिंदू ते कळलं पण झामर काय ते कळेना. शेजारच्या बेन म्हणतात काळा मोतिया असतो, पिकला की काढतात, घाई नको. आणि सासूबाई बीपीची गोळी रोज घेतात मग दबाण वाढलं कसं? (एक वाचक, सुरत)

उत्तर : झामर म्हणजे आपला काचबिंदू, ग्लॉकोमा. आणि घाई करायची आहे, म्हणून आधी तेवढं वाचून डॉक्टरची वेळ घ्या, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी बडोद्यात आठ वर्षं डोळ्यांचे नंबर काढायचं काम केलं, तिथे हा घोळ रोज बघितलाय. आपण मोतीबिंदू-काचबिंदू म्हणतो, हिंदीवाले मोतिया आणि काला मोतिया म्हणतात, त्यामुळे दोन्ही सख्खी भावंडं वाटतात. गुजरातीत मात्र मोतियो वेगळा आणि झामर वेगळं, नावात एक अक्षर सारखं नाही, आणि मला ते फार बरं वाटतं कारण आजारच वेगळे आहेत. मोतियोमध्ये डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते काढून नवीन बसवलं की दिसायला लागतं, 'मोतियो उतराव्यो' म्हणतात ते हेच. झामरमध्ये डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस मरत जाते. त्यात पिकणं वगैरे काही नसतं. गेलेली नजर परत येत नाही, ड्रॉप असो लेझर असो ऑपरेशन असो, सगळं उरलेली नजर टिकवण्यासाठी.

माझी नवसारीची मावशी अशीच पिकायची वाट बघत तीन वर्षं थांबली. दुखत नव्हतं, लाल नव्हतं, समोरचं नीट दिसत होतं. एकदा देवासमोर बसून उजवा डोळा चोळत होती तर डाव्या डोळ्याला फक्त निरांजनाची ज्योत दिसली, बाजूचे देव दिसेनात. कडेची नजर आधी जाते आणि दुसरा डोळा ते भरून काढतो म्हणून कळतच नाही.

आता दबाण. ते बीपीचं नाही, डोळ्याच्या आतल्या पाण्याचं आहे, साधारण १० ते २१ धरतात, म्हणून २८ लिहिल्यावर शंका घेतली. बीपी कंट्रोलमध्ये आहे म्हणून डोळ्याचं दबाण कंट्रोलमध्ये असेल असं अजिबात नाही. पण चिठ्ठीत शंका लिहिलंय हेही नीट बघा, कारण काहींचं दबाण जास्त असून नस चांगली असते आणि काहींचं नॉर्मल असून झामर असतं. म्हणून बाहुली मोठी करून नस बघतात आणि फिल्ड टेस्ट म्हणजे कडेच्या नजरेची तपासणी करतात, मशीनमध्ये तोंड घालून लाईट दिसला की बटण दाबायचं, कंटाळवाणी आहे पण सासूबाईंना शांतपणे करू द्या. डॉक्टरांना विचारायचं, 'नसने केटलुं नुकसान थयुं छे?', म्हणजे नसेचं किती नुकसान झालंय, हाच प्रश्न महत्त्वाचा. (डाबी म्हणजे डावी हे कळतंच, जमणी म्हणजे उजवी, जमवुं म्हणजे जेवणं, जेवायचा हात तो जमणो असं लक्षात ठेवा, नाहीतर ड्रॉप भलत्याच डोळ्यात जातील.)

ड्रॉपला तिकडे टीपां म्हणतात. झामरनां टीपां बहुतेक कायमचे असतात, बरं वाटतंय म्हणून बंद करायचे नाहीत, कारण बरं वाटणं न वाटणं याचा इथे संबंधच नाही. सासूबाई खाज येते म्हणून मेडिकलमधून स्वतःच कुठले ड्रॉप आणून घालत असतील तर ती बाटली डॉक्टरांना दाखवा, स्टिरॉइडचे ड्रॉप बरेच दिवस घातले तर दबाण वाढू शकतं. आणि अचानक डोळा ठणकला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली तर पित्त समजून घरी थांबू नका, त्याच दिवशी न्या.

साताऱ्याला फोन कराल तेव्हा 'मोतीबिंदू निघालाय' एवढंच सांगू नका, उजव्यात मोतीबिंदू, डाव्यात काचबिंदूची शंका असं पूर्ण सांगा. निदान पक्कं झालं तर सासूबाईंच्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी दबाण आणि नस दोन्ही तपासून घ्यायला हवं, घरात असला तर धोका जास्त असतो. त्यात तुमचे मिस्टरही आले, चाळिशी झाली असेल तर त्याच दिवशी त्यांचाही नंबर लावा.