बाहुलीला नटी करू नकोस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

घरची गोष्ट बाहुल्या मांडून सांगणारे तुझे फोटो पाहिले. चुलीपाशी बाहुली, उंबऱ्यात बाहुली, पाठ फिरवून बसलेला बाहुला म्हणजे बाप. मेहनत दिसते. पण सगळं तू आधीच ठरवून टाकलंयस. बाहुली तुझंच म्हणणं बोलते, तिच्याजवळचं काही सांगत नाही. आणि तो फुटक्या डोळ्याचा क्लोजअप काढून टाक. भुताच्या सिनेमाची जाहिरात वाटते.

अमेरिकेत लॉरी सिमन्स या छायाचित्रकार बाईंनी १९७६ पासून खेळण्यातल्या स्वयंपाकघरांत, न्हाणीघरांत प्लॅस्टिकच्या इवल्या बायका मांडून फोटो काढले. तिथं मांडणी शोभते, कारण त्या बाहुल्या साच्यातल्या, कुणाच्याही घरातल्या. तुझी तशी नाही. आई-बाप ऊसतोडीला गेले त्या वर्षी आजीनं ती जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची शिवली, असं तू जाता जाता लिहिलंयस. तेच तुझं काम आहे गं! लुगडं कुणाचं होतं, आजीचं की आईचं? विचार.

मग बाहुली आईच्या हातात दे आणि गप्प बस. ती मांडीवर घेईल, केस सारखे करेल, नाहीतर ‘काय करू आता हिचं’ म्हणून बाजूला ठेवेल. जे होईल ते काढ. हंगामाचे पाच-सहा महिने जिला लेकीची वेणी घालता आली नाही, तिचे हात या चिंध्यांशी कसे वागतात, हे तुला लिहून बसवता येणार नाही. नंतर त्याच जागी, त्याच उजेडात आजी. ती बहुतेक सुई-दोराच मागेल. मग धाकटी बहीण. बाहुली कुणाची यावरून तुमची झोंबाझोंबी झालीच असणार. आईचे फोटो मात्र आधी उरक, दिवाळी झाली की ती पुन्हा कारखान्यावर जाईल.

आपल्याकडं महालक्ष्म्या उभ्या करतात तेव्हा नीट बघ. थोरलीला साडी कोण नेसवतं, बाळं कोण मांडतं, भाऊ वेगळे झाल्यावर मुखवटे कुणाच्या घरी राहिले. अख्खं घराणं तिथं कळतं. पण तो देव आहे, त्याला तुझ्या मालिकेत ओढू नकोस. नुसतं बघ.

उजेडाचं सांगतो. तुमचं घर धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं. दुपारी साण्यातून, म्हणजे छताच्या झरोक्यातून, ऊन सरळ खाली पडतं आणि डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. सकाळी दाराचा उजेड घे, उजेड परतवायला समोरच्या बाजूला पांढरं धोतर धर. कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे तू जमिनीवर पालथी. इतक्या जवळून फोकस जेमतेम नाकापुरता राहतो. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ किंवा ११ ठेव, शटर हळू होईल, तर ट्रायपॉड लाव. हात हलले तर हलू देत. बाहुली धुऊ नकोस, धूळसुद्धा झटकू नकोस.

एक फोटो अगदी कोरडा काढ. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयात सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती आहेत, त्या एकदा जाऊन बघ. उत्खननातल्या वस्तूची नोंद करतात तशी बाहुली साध्या कापडावर ठेव, शेजारी मापाची पट्टी. पुढून आणि मागून. टाके मागूनच दिसतात.

आता बापाचं. तो पाठमोरा बाहुला त्यांना दाखवलास का? मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल डोक्यावर असलेला माणूस हौसेनं घर सोडत नाही. प्रदर्शनाचं नंतर बघू, आधी हे फोटो घरच्यांनी बघायचे. आई ‘नको’ म्हणाली तर तो फोटो पेटीत राहील, कितीही चांगला असला तरी. यावर माझ्याशी वाद घालायचा नाही.

पुढच्या वेळी मोबाइलवर पाठवू नकोस. पोस्टकार्डाएवढे छापून आण आणि प्रत्येकाच्या मागं पेन्सिलीनं लिही, बाहुली तेव्हा कुणाच्या हातात होती.

तुझे सर