डिझेल गाडीतला दोष आणि दोन वर्षांची मुदत

प्रश्न : डिसेंबर 2021 मध्ये पुण्यातल्या शोरूममधून 17 लाखांची डिझेल एसयूव्ही माझ्या नावावर घेतली. राहायला संगमनेरला आहे. ऑगस्ट 2022 पासून डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागतो, पिकअप जातो, गाडी चाळीसच्या वर पळत नाही. नऊ वेळा वर्कशॉपला नेली. 11 डिसेंबर 2023 ला कंपनीने ईमेलने कळवलं की, दोष गाडीत नसून कमी अंतर चालवण्यामुळे हे होतं, वॉरंटीत बसत नाही. त्यानंतर मी ईमेल पाठवतोच आहे. आता वकिलाची नोटीस पाठवावी का? नवी गाडी मिळेल का?

उत्तर : बीएस-6 हे वाहन प्रदूषणाचे कडक निकष आल्यापासून अशी पत्रं सतत येतात आणि बहुतेकांत शेवटचा प्रश्न हाच असतो, नवी गाडी मिळेल का? त्याकडे नंतर येतो. तुमच्या पत्रातली खरी महत्त्वाची गोष्ट 11 डिसेंबर 2023 ही तारीख आहे.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. कंपनीचा वकील म्हणणार, तक्रारीचं कारण ऑगस्ट 2022 मध्येच घडलं, मुदत 2024 मध्येच संपली. तुमचं म्हणणं असं हवं : वॉरंटी चालू असताना कंपनी दर वेळी गाडी ठेवून घेत होती, दुरुस्त करून देतो म्हणत होती; तिने हात वर केले ते 11 डिसेंबर 2023 ला, म्हणून मुदत तिथून मोजायची. मला हे म्हणणं भक्कम वाटतं, पण सगळे ग्राहक आयोग मान्य करतीलच असं नाही. म्हणून तक्रारीसोबतच विलंब माफीचा अर्ज द्या, त्यात कारणं तारीखवार लिहा. आणि कुठल्याही परिस्थितीत 11 डिसेंबर 2025 ओलांडू नका. हे लिहितोय तेव्हा ऑक्टोबर 2025 चा मध्य आहे.

नंतरचे ईमेल या हिशेबात कामाचे नाहीत. पत्रव्यवहार चालू ठेवल्याने मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच सांगितलं आहे. समोरच्याने मुद्दा काढला नाही तरी आयोगाने स्वतः मुदत तपासायची असते. बावीस महिने तुम्ही ‘कृपया लक्ष घालावे’ लिहीत बसलात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नोटीस पाठवायची तर पाठवा, सक्तीची नाही. पण तिच्या उत्तराची वाट पाहत आणखी महिना घालवू नका.

आता जॉबकार्ड, म्हणजे गाडी वर्कशॉपला दिली की तक्रार आणि काम नोंदवतात तो कागद. तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी सातव्या कार्डावर ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात फक्त ‘जनरल चेकअप’ लिहिलंय आणि खाली ‘गाडी समाधानकारक मिळाली’ यावर तुमची सही आहे. गाडी टो करून आणली होती ना त्या दिवशी? मग सही करण्याआधी दोन ओळी लिहून घ्यायला काय हरकत होती? वेळ निघून गेली, पण टोईंगची पावती शोधा. वर्कशॉपकडे गाडीची पूर्ण सर्व्हिस हिस्टरी आणि स्कॅनरमधले फॉल्ट कोड ईमेलने, लेखी मागा. दिले नाहीत तर तेही आयोगाला दाखवता येतं.

‘कमी अंतर चालवता’ हा कंपनीचा ठरलेला बचाव आहे. डीपीएफमधली काजळी जळायला इंजिन काही वेळ सलग, चांगल्या वेगाने चालावं लागतं, हे खरंच आहे. पण तुम्ही आठवड्यातून दोनदा नाशिकला जाता. फास्टॅगचं स्टेटमेंट काढा. टोलवरची प्रत्येक नोंद तारखेसह सांगेल की ही गाडी महामार्गावर पळत होती. माझ्या मते तुमच्या बाजूचा हा सर्वांत चांगला पुरावा आहे.

निर्मितीतला दोष सिद्ध करायला ग्राहक कायद्याच्या कलम 38 खाली तज्ज्ञ तपासणीची मागणी तक्रारीसोबतच करा. तोपर्यंत गाडी विकू नका. गावातला मेकॅनिक डीपीएफ कापून काढून रिमॅप करून (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून) देतो म्हणतोय असं तुम्ही लिहिलंय. अजिबात करू देऊ नका. तो भाग म्हणजेच तुमचा पुरावा आहे, शिवाय तसं करणं प्रदूषणाच्या नियमांविरुद्ध आहे.

नवी गाडी? सहजासहजी नाही. वॉरंटीत भाग बदलून देण्याचं बंधन असेल तर तेवढ्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये एका मोटारीच्याच प्रकरणात म्हटलं. म्हणून मागणी पर्यायी ठेवा : किंमत परत, ते नाही तर डीपीएफ आणि संबंधित भाग विनामूल्य बदलून वाढीव वॉरंटी, आणि दोन्ही बाबतीत नुकसानभरपाई. कंपनी आणि डीलर दोघांना सामनेवाले करा, पण कोणाची चूक कोणती ते वेगवेगळं लिहा. डीलरच्या प्रत्येक कृत्याला कंपनी आपोआप जबाबदार ठरत नाही, हे गोव्यातल्या एका प्रकरणात 2021 मध्ये स्पष्ट झालं आहे.

पुण्याला हेलपाटे घालायची गरज नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे अहिल्यानगरच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. 17 लाखांच्या गाडीला फी 400 रुपये. तपासणी असल्यास पाच महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि या दिरंगाईचा फायदा कंपन्यांना होतो याची चीड मलाही येते.

11 डिसेंबरचा तो ईमेल मूळ स्वरूपात जपा. प्रिंटवर पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख, वेळ दिसली पाहिजे आणि सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र हवं. ते या आठवड्यातच करून घ्या.