पत्त्याचा पुरावा नाही, मग जीपी (फॅमिली डॉक्टर) कसा मिळणार?

प्रश्न : नुकतेच इंग्लंडला आलो. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर आहे. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून सर्जरीने (तिथे दवाखान्याला हेच म्हणतात) मला परत पाठवलं. काय करू?

उत्तर : पुन्हा जा, आणि ठामपणे बोला. इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र किंवा व्हिसा दाखवणं सक्तीचं नाही. कागद असले तर जुन्या नोंदी शोधायला सोपं जातं, इतकंच. नोंदणीचा फॉर्म मागा, किंवा सर्जरीच्या वेबसाइटवर ऑनलाइन नोंदणीची सोय आहे का पाहा. एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) क्रमांकाचा रकाना कोरा सोडला तरी चालतो. तो दहा अंकी क्रमांक नंतर मिळतो. तरीही नकार आला, तर कारण लेखी मागा. ते १४ दिवसांत देणं सर्जरीला बंधनकारक आहे. तुमचं घर त्यांच्या हद्दीबाहेर असेल, तर मात्र नकार वैध ठरू शकतो. म्हणून आधी पिनकोड टाकून हद्द तपासा.

आजारी पडेपर्यंत थांबू नका. रोजच्या गोळ्या असतील तर भारतातली चिठ्ठी न्या, पण ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून ठेवा. तिथे आपले ब्रँड ओळखत नाहीत.