डबीवर ‘गाय’ लिहिलेलं असलं तरी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या एलायझाच्या (अँटिबॉडीने प्रथिन पकडून रंगावरून मोजायची चाचणी) प्लेटचा फोटो पाहिला. रिकाम्या खणांतसुद्धा पिवळाजर्द रंग! अँटिबॉडी परत करायची घाई करू नकोस. माझा संशय दुधावर आहे.

तू ब्लॉकिंगला (प्लेटची उरलेली मोकळी जागा झाकायला) दुधाची पावडर वापरलीस, प्राथमिक अँटिबॉडी (प्रथिन ओळखणारी) शेळीतली आणि दुय्यम (प्राथमिकला पकडून रंग देणारी) शेळीविरुद्धची. दुधात गायीच्या अँटिबॉडी असतातच. गाय आणि शेळी इतक्या जवळच्या, की ती दुय्यम त्यांनाही पकडते. उंदरावर काम करणाऱ्यांना वासराचं सीरम परकं. आपल्याला ते घरचंच. बीएसएतही (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) गायीच्या अँटिबॉडीची भेसळ असू शकते. माशाचं जिलेटिन वापरून बघ. मी यात तीन आठवडे घालवले होते आणि दोष मात्र पिपेटला देत होतो.

इंटरफेरॉन गॅमासाठी (रोगप्रतिकारक पेशी सोडतात ते संदेशवाहक प्रथिन) माणसाची किट उसनी आणू नकोस. अशा संदेशवाहक प्रथिनांपैकी, म्हणजे सायटोकाइनपैकी, बऱ्याच जणांची रचना प्राण्यागणिक इतकी बदलते, की माणसाच्या प्रथिनावर बेतलेली अँटिबॉडी गायीत आंधळी ठरते. उंदरात बनवलेली अँटिबॉडींची जोडी घे: पकडायला सीसी३३०, दाखवायला बायोटिन लावलेली सीसी३०२. दोघी प्रथिनाच्या वेगवेगळ्या जागी बसतात, म्हणून प्रथिन मध्ये धरून सँडविच जमतं. पण पुढे बायोटिनला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टाविडिन येतं आणि दुधात बायोटिनही असतं. म्हणजे दूध इथेही नकोच.

रक्त हेपरिनमध्येच (रक्त गोठू न देणारं द्रव्य) घे. ईडीटीएही रक्त गोठू देत नाही, पण ते कॅल्शियम बांधून ठेवतं, मग पेशी उत्तेजित होत नाहीत. नळी बर्फात ठेवू नकोस. त्या पेशींनी अजून काम करायचंय. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात गुरांच्या क्षयासाठी बेतलेली रक्तचाचणी याच तत्त्वावर चालते: रक्तात गोवंशीय आणि पक्षी ट्युबरक्युलिन (गुरांच्या आणि पक्ष्यांच्या क्षयजंतूंपासून काढलेली प्रथिनं) वेगवेगळं घालायचं, ३७ अंशांवर रात्रभर ठेवायचं आणि सकाळी प्लाझ्मात इंटरफेरॉन मोजायचं. पक्षी ट्युबरक्युलिनची नळी वाचवू नकोस. पर्यावरणातले मायकोबॅक्टेरिया (क्षयजंतूंचे भाऊबंद) भेटलेली गाय त्यावाचून उगाच क्षयाची ठरेल.

एक खण कॉन-ए (पेशींना हमखास उत्तेजित करणारं द्रव्य) दिलेल्या पेशींचा, एक काहीच न दिलेल्यांचा आणि एक प्राथमिक अँटिबॉडीविना, प्रत्येक प्लेटवर. कंटाळा आला तरी.

आणि हो, म्हशीवरही करणार म्हणालीस. ही जोडी म्हशीत चालेल असं वाटतं, पण आधी तुझ्याच गोठ्यातल्या दोन म्हशींवर कॉन-ए लावून पाहा. दुय्यम अँटिबॉडीच्या डबीवरचा क्लोन किंवा लॉट नंबर काय आहे, तो आज रात्री पाठव.

तुझे,
सर