सेसना १७२चा आवाज: एकच लूप ताणू नकोस

अरे, फ्लाइट सिम्युलेटरमधल्या सेसना १७२ या छोट्या विमानासाठी केलेली तुझी आवाजाची फाइल ऐकली. आयडलला, म्हणजे इंजिन सर्वांत हळू चालताना झकास, पण थ्रॉटल पुढे सरकवला की शिलाई मशीन! एकच लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा आवाजाचा तुकडा, सगळ्या वेगांसाठी ताणलास की असंच होणार. ८००, १२००, १८००, २४०० आरपीएमचे (मिनिटाला इंजिनाचे फेरे) वेगळे लूप घे आणि एकातून दुसऱ्यात हळूच मिसळ.

गणितही बघ. २४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेरे. इंजिन चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक, प्रत्येक सिलिंडरचा दोन फेऱ्यांत एक स्फोट, म्हणून दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे ८० हर्ट्झ. प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, पाती दोन, त्याचेही ८०च! म्हणून तो घुमारा इतका भरीव. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे आवाजाच्या फ्रिक्वेन्सींच्या आलेखात, ८० हर्ट्झला शिखर दिसत नसेल तर आरपीएमची नोंद तपास.

कॉकपिटच्या आतल्या आवाजासाठी वरच्या फ्रिक्वेन्सी दाब. लूपचा सांधा, जिथे शेवट पुन्हा सुरुवातीला जुळतो, तो मात्र हेडफोन लावूनच ऐक. मी एकदा स्पीकरवर भागवलं आणि दर तीन सेकंदांनी 'टक्' ऐकत सिम्युलेटरमध्ये पुणे ते गोवा उडालो.