नाशिकला विमानाच्या कारखान्यात हाऊसकीपिंगची नोकरी मिळते आहे, घ्यावी का? काम नेमकं काय असतं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. निफाड तालुक्यात सासर, बारावी झालेली, अडीच वर्षांचं मूल, ठेकेदाराकडून बोलावणं आलंय. आणि सासूबाई म्हणतात, झाडूच मारायचा तर द्राक्षाची बाग काय वाईट, घराजवळ तरी आहे. काम कसं असतं आणि पुढे काही होतं का, असं तुम्ही विचारलंय. मी नऊ वर्षं हेच काम करते म्हणून लिहायला बसले.

माझ्या कारखान्याचं नाव लिहीत नाही, तसं गेटवर सही करून दिलेलं आहे. ओझरचा एचएएल, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा सरकारी कारखाना, सगळ्यांना माहीत आहे. १९६४ पासूनचा तो कारखाना, तिथे मिग ही लढाऊ विमानं झाली, मग सुखोई झाली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ला तेजस मार्क १ए ची नवी लाइन, म्हणजे विमान जोडायची जागा, सुरू झाली. पण विमानाचे सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने सातपूर-अंबडलाही आहेत. तुम्हाला बोलावणं कुठूनही आलेलं असो, साफसफाईची शिस्त बरीचशी सारखीच असते.

आधी बागेचं सांगते, कारण मीही बागेतूनच आले. जानोरीच्या बाजूला सहा वर्षं मजुरी केली. विरळणी, डिपिंग, शेंडा मारणं, सगळं केलं. त्या कामाला मी कमी म्हणणार नाही. विरळणीला बसलं की एका घडातले कुठले मणी ठेवायचे आणि कुठले काढायचे हे डोळ्याला आपोआप कळायला लागतं, कात्री चालतच राहते. ती नजर मला कारखान्यात जितकी उपयोगी पडली तितकं दुसरं काहीच पडलं नाही. चकचकीत राखाडी फरशीवर मोहरीएवढा धातूचा कण दिसायला हवा, आणि तो मला पहिल्या महिन्यापासून दिसायचा. पण बागेची मजुरी ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत जोरात, मग उन्हाळ्यातल्या छाटणीला थोडी, आणि भर पावसाळ्यात हात रिकामे. आजारी पडलं तर त्या दिवसाचा रोज गेला. मी बाग सोडली ती एवढ्याचसाठी.

आता काम. घरात किंवा ऑफिसात आपण झाडतो तो कचरा टाकून देण्यासाठी. विमानाच्या लाइनवर आधी तो बघायचा असतो. तिथे एक शब्द तुम्हाला रोज ऐकू येईल, एफओडी. म्हणजे नको त्या जागी पडलेली कुठलीही वस्तू: स्क्रू, वॉशर, रिव्हेटचा तुटलेला दांडा, पेनाचं टोपण, चिंधी, केसाची पिन. पहिल्या आठवड्याच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला कॉन्कॉर्डची गोष्ट सांगितली होती, ती माझ्या मनातून कधी गेली नाही. २५ जुलै २०००, पॅरिस. आधी उडालेल्या एका विमानाची धातूची पट्टी धावपट्टीवर पडून राहिली होती, साधारण ४३ सेंटिमीटरची. कॉन्कॉर्डचं चाक तिच्यावरून गेलं, टायर फुटला, टायरचा तुकडा पंखाखाली इंधनाच्या टाकीवर आदळला आणि आग लागली. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४ जण गेले. आमच्या बॅचमधली एक मुलगी तेव्हा म्हणाली होती, म्हणजे कोणीतरी ती पट्टी वेळेवर उचलली असती तर? ट्रेनिंग देणारे साहेब एवढंच म्हणाले, हो.

म्हणून तिथे नियम कडक असतात. गणवेशाला वरचा खिसा नसतो, वाकलं की खिशातलं पडतं म्हणून. केस टोपीत. मोबाइल गेटवर जमा. आणि ताई, हे आधीच सांगते म्हणजे घरी ऐनवेळी वाद होणार नाही: लाइनवर बांगड्या, अंगठी, पैंजण, जोडवी, मंगळसूत्र, ओढणीची सेफ्टी पिन, काहीही चालत नाही. लॉकरमध्ये ठेवून आत जायचं.

माझ्या सासूबाईंना हे अजिबात पटलं नव्हतं. सवाष्णीने रोज हात मोकळे करायचे म्हणजे काय, असं त्या म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मलाही पहिल्या दिवशी लॉकरपुढे उभं राहून बांगड्या काढताना डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू. त्या हिरव्या काचेच्या होत्या, हाताला घट्ट बसलेल्या, साबण लावून काढाव्या लागल्या, त्यात एक तडकली. संध्याकाळी मी सासूबाईंना कॉन्कॉर्डची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. काचेचा तुकडा विमानाच्या पोटात पडला तर वर बसलेल्या पोराचं काय होईल, असं म्हणाले. त्या गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक लहान कापडी पिशवी शिवून दिली, नाडीची, मंगळसूत्र ठेवायला. ती अजून माझ्या लॉकरमध्ये आहे. तुमच्या सासूबाईंनाही कारण समजावून सांगा. नुसता नियम सांगितला की माणूस अडतो.

एक दिवस जवळून सांगते. सकाळची पाळी, जानेवारी, आपल्याकडची ती हाडात शिरणारी थंडी. लाइनवर मी पिवळ्या पट्टीच्या कडेने चुंबकाचा झाडू फिरवत होते. चुंबकाला सगळं चिकटत नाही. ॲल्युमिनियम चिकटत नाही, टायटॅनियम चिकटत नाही, स्टेनलेसच्या बऱ्याच जाती चिकटत नाहीत. त्यामुळे झाडू फिरवला म्हणजे जागा साफ झाली, असं कधीच धरायचं नाही. एका ट्रॉलीच्या चाकापाशी मला तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी चमकलं. लॉकवायरचं टोक होतं ते. बोल्ट थरथरून सैल होऊ नये म्हणून पिळा देऊन तार बांधतात आणि टोक पकडीने कापतात, त्याचा तुकडा. मी सुपलीत घेतलं नाही. आम्हाला शिकवलंय की आधी तिथेच उभं राहायचं, हाक मारायची, जागा दाखवायची. इन्स्पेक्टर आले, तुकडा चिमट्याने उचलला, पाकिटात घालून त्यावर जागा आणि वेळ लिहिली. मग त्या भागात त्या सकाळी किती तारा बांधल्या आणि किती टोकं डबीत जमा झाली, ते मोजलं. एक टोक कमी होतं, तेच हे. हिशेब जुळला, काम पुढे सुरू झालं. सगळं मिळून वीस मिनिटं. पण तो तुकडा मी सुपलीत भरून टाकला असता तर ते टोक विमानातच पडलंय असं धरून सगळं उघडून शोधावं लागलं असतं. फिटरने पाळी सुटताना माझ्याजवळ येऊन मान हलवली. त्या दिवसापासून मला माझ्या कामाबद्दल कुणी कमी बोललं तरी लागत नाही.

बाकी रोजचं काम मेहनतीचं आहे, हेही लिहायलाच हवं. आठ तासांत बसणं फार कमी. मोठ्या हॉलला फरशी घासायचं स्क्रबर मशीन असतं, ते शिकायला दोन दिवस पुरतात, पण ट्रॉल्यांच्या खाली आणि कोपऱ्यात हातानेच पुसावं लागतं. गुडघे आणि पाठ धरते. टॉयलेट ब्लॉक पाळीपाळीने सगळ्यांना येतो, त्याला नाही म्हणता येत नाही.

धोक्याच्या जागा मात्र नीट समजून घ्या, कारण घाईत ठेकेदाराचा माणूस त्या सांगेलच असं नाही. मशीन शॉपमध्ये धातूच्या चिप्स, म्हणजे कापताना पडणारा कीस, धातूप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत ठेवायच्या असतात. एकत्र झाल्या की भंगाराची किंमत पडते, हे एक. पण टायटॅनियमची बारीक चिप्स पेट घेते आणि तिच्यावर पाणी मारलं तर आग आणखी भडकते. त्यासाठी कोरडी वाळू किंवा खास पावडर असते, ती कुठे ठेवलीय हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. पेंट शॉपमध्ये पिवळसर हिरवा प्रायमर असतो, त्यात बऱ्याचदा क्रोमियमचा असा प्रकार असतो ज्याने कर्करोग होऊ शकतो. तो घासल्यावर जी धूळ पडते ती झाडूने कधीही झाडायची नाही, हवेत उडते. खास फिल्टरचा व्हॅक्यूम असतो आणि योग्य मास्क असतो. तो दिला नाही तर आत जाऊ नका, शांतपणे सांगा की मास्क आल्यावर करते. तेलाच्या, सॉल्व्हंटच्या चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यातच. आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या खोलीत आपली नेहमीची मेणाची पॉलिश किंवा साधा प्लॅस्टिक ब्रश न्यायचा नाही, स्थिर विजेने सर्किट जातं.

आता पैसे. इथे मी थोडी कडक बोलणार आहे, कारण मी ठेच खाल्लेली आहे. या कारखान्याच्या आधी मी तीन वर्षं दुसऱ्या एका कंपनीत ठेकेदाराकडे होते. दर महिन्याला पगारातून पीएफ कापला जायचा, स्लिपवर छापून यायचा. सोडताना पैसे काढायला गेले तर खात्यात चौदा महिन्यांचेच पैसे होते. बाकीच्या महिन्यांचे कापले गेले, भरले गेलेच नाहीत. दीड वर्ष हेलपाटे घातले तेव्हा काही मिळाले, सगळे नाही. चूक माझीही होती, मी तीन वर्षांत एकदाही पासबुक उघडून बघितलं नव्हतं.

तर पहिल्या पगाराला यूएएन, म्हणजे तुमच्या पीएफचा कायमचा नंबर, मागा आणि दर महिन्याला उमंग या सरकारी ॲपवर पासबुक बघा. हिशेब सोपा आहे. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १५,००० धरले, तर तुमच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे १,८०० कापले जातात. ठेकेदाराने तेवढेच घालायचे असतात, त्यातले १,२५० पेन्शनच्या खात्यात आणि ५५० पीएफमध्ये दिसतात. हे तिन्ही आकडे पासबुकात उमटायला हवेत. एक महिना दिसला नाही तर पुढच्याच आठवड्यात विचारा, वर्षभर थांबू नका. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, त्यासाठी पगाराच्या पाऊण टक्का कापतात आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. २१,००० पर्यंत पगार असेल तर ते लागू होतं. कार्ड हातात आलं की मुलाचं आणि नवऱ्याचं नाव त्यात घातलंय का बघा. सातपूरला ईएसआयचं दवाखाना-हॉस्पिटल आहे, माझ्या मुलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन त्या कार्डावर झालं. बागेत असते तर कर्ज काढावं लागलं असतं. आणि ठेकेदाराने पगारच दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवर येते, हेही माहीत असू द्या. ठेकेदार बदलला तर नवा यूएएन काढू देऊ नका, जुनाच नंबर द्या.

पुढे काही होतं का, तर कुणी तुम्हाला म्हणालं की दोन वर्षं झाडू मारा, मग कायम करतो, तर त्या भरवशावर नोकरी धरू नका. कायम जागा जाहिरातीने निघतात आणि बहुतेक ठिकाणी आयटीआयचा ट्रेड लागतो. पण तुम्ही बारावी आहात, वय तुमच्या बाजूने आहे. आमच्यातल्या एकीने दोन वर्षं पैसे साठवले, मग नोकरी सोडून सातपूरच्या आयटीआयला फिटरला गेली. आता एका कारखान्यात अप्रेंटिस आहे. लाइनवर दोन वर्षं काढल्याने तिला हत्यारांची नावं, ड्रॉइंगचे नंबर, इन्स्पेक्शनचे टॅग आधीच माहीत होते. मी तेव्हा चाळिशी गाठलेली होते, मला ते जमलं नाही. मी सुपरवायझर झाले, आता अकरा बायकांची पाळी लावते.

माझं मत विचाराल तर घ्या. मूल लहान आहे म्हणून आधी पाळ्या विचारा. सकाळच्या पाळीची बस पाच-सव्वापाचला निघते आणि तेव्हा पोर झोपलेलं असतं. ते कोण सांभाळणार हे सासूबाईंशी बोलून ठरवा, गोड बोलून.

आणि एक काम आजच करा. पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागते, त्याशिवाय गेट पास मिळत नाही, आणि तिला कधीकधी महिना जातो. आधार कार्डावर सासरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं, असं असेल तर अर्ज तिथेच अडकतो. विवाह नोंदणीचा दाखला काढलेला नसेल तर उद्याच ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामसेवकांना भेटा.