डोंगराळ भागातला दुष्काळाचा धोका आणि भू-आच्छादनातला बदल उपग्रह प्रतिमांवरून मोजायचा तर सर्वात चांगला निर्देशांक कोणता?

निर्देशांक सगळ्यात शेवटी निवडायचा. प्रतिमेत हिरवळ कमी दिसतेय ती खरंच कमी झालीय का, हे आधी तपासा. डोंगरात बरेचदा ती नुसती सावली असते. सावलीला दुष्काळ ठरवणारे नकाशे बघून मला राहवत नाही, म्हणून एवढं लांब लिहितोय.

३० अंश उताराच्या डोंगराच्या दोन बाजू घ्या. सूर्य क्षितिजापासून ३५ अंशांवर असताना आपाती कोनाची (सूर्यकिरण आणि उताराला काढलेला लंब यांच्यातल्या कोनाची) कोज्या सूर्यासमोरच्या बाजूवर ०.९१ येते आणि पाठच्या बाजूवर ०.०९. थेट उन्हात दहापट फरक! तोच सूर्य ६५ अंशांवर चढला की या संख्या जवळपास १ आणि ०.५७ होतात. झाडं तीच, पानं तीच. एनडीव्हीआय म्हणजे लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनावरून काढलेला हिरवळीचा निर्देशांक. ‘एनडीव्हीआय हे गुणोत्तर आहे, सावली आपोआप कटते’ हे वाक्य नेहमी ऐकू येतं आणि ते अर्धंच खरं आहे. सावलीत उरतो तो आकाशातून विखुरलेला प्रकाश. त्यात अवरक्ताच्या मानाने लाल प्रकाश जास्त असतो, त्यामुळे प्रतिमेतला लाल पट्टा (लाल प्रकाशाची नोंद) फुगतो आणि निर्देशांक घसरतो. उन्हाळ्यातली प्रतिमा हिवाळ्यातल्या प्रतिमेशी ताडून पाहिली की डोंगराच्या एकाच बाजूला ‘ऱ्हास’ उगवतो.

म्हणून आधी उताराची दुरुस्ती. ३० मीटरचं उंची-प्रारूप (दर ३० मीटरला जमिनीची उंची देणारी फाइल) घ्या. नासाच्या अवकाशयानाने मोजलेलं एसआरटीएम फेब्रुवारी २००० मधलं आहे, युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचं त्यानंतरचं आणि सहसा जास्त नेटकं. ते प्रतिमेवर तंतोतंत बसलंय ना, हे पाहा. अर्धा पिक्सेल सरकलं तरी कड्यांच्या रेषेवर एक उजळ आणि एक काळी किनार उमटते. मग ५ अंशांपेक्षा जास्त उताराचे पिक्सेल घेऊन प्रत्येक पट्ट्यातलं परावर्तन आणि ती कोज्या यांची सरळ रेषा बसवा. रेषेचा छेद भागिले तिचा उतार म्हणजे ‘सी’. आता परावर्तनाला (सूर्याच्या शिरोबिंदू कोनाची, म्हणजे ९० अंश वजा सूर्याची उंची, कोज्या + सी) ने गुणा आणि (आपाती कोज्या + सी) ने भागा. नुसती कोज्या-दुरुस्ती करू नका. ०.०९ ने भागलं की सावलीची बाजू पांढरीफटक पडते.

खरी चूक मात्र रेषा बसवताना होते. जंगल, गवत, खडक सगळे एकाच रेषेत कोंबले जातात. पुष्कळ डोंगरांत जंगल सावलीच्या बाजूला टिकून असतं आणि गवत उन्हाच्या. अशा वेळी रेषा वनस्पतींमधला फरक प्रकाशाचा समजते आणि पुसून टाकते. प्रत्येक आच्छादनाची रेषा वेगळी बसवा. दुरुस्तीनंतर परावर्तनाचा कोज्येशी सहसंबंध शून्याजवळ यायला हवा. कड्याच्या पडछायेत थेट ऊन पोचतच नाही, तो भाग वगळा.

सेंटिनल-२ या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमा वापरत असाल तर आणखी एक. २५ जानेवारी २०२२ पासून मूळ अंकांत १००० मिळवलेले असतात. ते वजा केले नाहीत तर त्या दिवसापासून सगळीकडे एनडीव्हीआय खाली येतो. हा ‘दुष्काळ’ कुठल्याही पावसाने हटत नाही.

आच्छादनातला बदल दुष्काळाच्या आधी मोजा. व्हीसीआय हा वनस्पतींच्या स्थितीवरून दुष्काळ मोजणारा निर्देशांक त्या पिक्सेलच्या आजवरच्या किमान-कमाल एनडीव्हीआयवर चालतो. जंगल तोडून पायऱ्यांची शेती झाली की जुना कमाल आकडा जंगलाचाच राहतो आणि तिथे कायमचा दुष्काळ दिसत राहतो. बदललेले पिक्सेल वेगळे काढा. दोन वर्षांचे नकाशे एकमेकांतून वजा करून क्षेत्रफळ सांगू नका. प्रत्येकी ८५ टक्के अचूक असलेल्या नकाशांच्या चुका स्वतंत्र असतील तर बदलाचा नकाशा सुमारे ७२ टक्केच अचूक उरतो; खरा बदल २-३ टक्के असेल तर तो चुकांच्या ढिगात हरवतो. स्तरांनुसार यादृच्छिक नमुने घ्या, डोळ्यांनी तपासा आणि क्षेत्रफळाचा अंदाज त्या नमुन्यांवरून काढा, त्रुटीच्या मर्यादेसह.

आता तुमचा प्रश्न. एसपीआय (पाऊस नेहमीपेक्षा किती कमी-जास्त, ते सांगणारा निर्देशांक) किंवा एसपीईआय (त्यात बाष्पीभवनही धरणारा), किमान ३० वर्षांच्या नोंदींवर. किती महिन्यांचा पाऊस धरायचा तो कालावधी मातीची खोली पाहून ठरवा. ३० सेंमी मातीत झाडांना मिळणारं पाणी १५ टक्के धरलं तर साठा ४५ मिमी होतो, रोजच्या ४-५ मिमी बाष्पोत्सर्जनात तो नऊ ते अकरा दिवसांत संपतो. अशा उतारावर तीन महिन्यांचा एसपीआय उशिरा बोलतो. दरीतल्या मीटरभर मातीत मात्र साठा महिनाभर पुरतो. बर्फाच्या प्रदेशात एसपीआय एकटा पुरत नाही: एकूण वर्षाव सरासरीइतका असतो, पण उबेमुळे बर्फाऐवजी पाऊस पडून वाहून जातो आणि उन्हाळ्यात ओढे आटतात.

माहितीचे आठ-दहा थर (नकाशे) घेऊन, त्यांना अंदाजे भार (कमी-जास्त महत्त्व) देऊन पाच रंगांचा धोका-नकाशा काढणं, याला मी मूल्यमापन मानत नाही. भार थोडे हलवले की सर्वाधिक धोक्याचा लाल भाग दुसऱ्या खोऱ्यात जातो. मागच्या कोरड्या वर्षांतल्या पीकघटीशी, झऱ्यांच्या प्रवाहाशी तो जुळतो का, एवढं तरी दाखवा.

आणि हो, उतार १० अंशांच्या आत असतील आणि सूर्य उंच असतानाच्याच प्रतिमा घेत असाल तर उताराची ती सगळी दुरुस्ती सोडून दिली तरी चालेल. रेषाच नीट बसत नसेल, म्हणजे सहसंबंध मुळात नगण्य असेल, तेव्हाही सोडा. दुरुस्तीने नुकसानच होईल.